चार तासांची व्हायल

गोवर-रुबेला लसीची व्हायल एकदा कालवली की चार तासांत वापरायची, उरलेली लस टाकून द्यायची. आत डोस अनेक, समोर बाळ कधी कधी एकच. बेळगाव जिल्ह्यातल्या बेळगुंदीच्या पट्ट्यात पावसाळ्यात भाताची रोपलावण आणि रताळ्याची लागवड एकदम अंगावर येते. आई शेतात, बाळ आजीच्या मांडीवर आणि लसीचं कार्ड कुठल्याशा ट्रंकेत. अशा दिवशी व्हायल फोडायची की बाळाला परत पाठवायचं, हा पेच ज्या सिस्टरला सहसा पडतच नाही, ती कामात तरबेज समजावी. तिनं आदल्या दिवशीच थकलेल्या डोसांची यादी काढून आशाताईंना गल्ल्या वाटून दिलेल्या असतात. कारखान्यात याला नियोजन म्हणतात. इथं ‘सिस्टर बरी आहे’ एवढ्यावर भागवतात.

सुई टोचणं तेवढं कौशल्य आणि बाकी सगळी धावपळ, ही वाटणीच चुकीची आहे. त्याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ दरम्यान बेळगाव जिल्ह्यात १६२० बाळंतिणींवर, बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळ्यांची चाचणी झाली. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात. ती करणाऱ्या, औषध देणाऱ्या आणि रक्तस्राव मोजणाऱ्या २५ एएनएम, म्हणजे अशाच सिस्टर. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. श्रेय गोळीचं, हे खरंच. पण बाळ जन्मल्यावर पाच मिनिटांच्या आत ती गोळी पोटात जायची, तर कळा सुरू झाल्याचा निरोप वेळेवर पोचायला हवा आणि सिस्टर त्या घरात आधीच हजर हवी. कुणी म्हणेल, संशोधनात प्रशिक्षण, देखरेख, पुरवठा सगळं चोख होतं, रोजच्या कामात ते कुठं मिळतं? आक्षेप रास्त आहे, पण तो नर्सच्या कुवतीवर नाही, तिला मिळणाऱ्या पाठबळावर आहे.

दुसरा आक्षेप: आता बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि नोंदी पोर्टलवर, मग तिच्या व्यवस्थापनाचं एवढं काय? तर बाळंतपण दवाखान्यात गेलं तरी कुणाला, केव्हा, कुठल्या गाडीनं न्यायचं आणि सासूला कसं पटवायचं, हे गावातच ठरतं. त्यात हा सीमाभाग. सासर चंदगड तालुक्यात, माहेर बेळगुंदीला, अशी लेक बाळंतपणाला येते ती महाराष्ट्राचं मराठी कार्ड घेऊन. इथली नोंद कर्नाटकाच्या तायी कार्डावर, कन्नडात. हिमोग्लोबिन किती होतं, लोहाच्या किती गोळ्या खरोखर पोटात गेल्या, हे पोर्टल तिच्या तोंडून काढून घेत नाही. पुढं बाळाचा दहाव्या आठवड्याचा डोस इथं होतो आणि चौदाव्याच्या आत मायलेकरं सासरी निघतात. तेव्हा पलीकडच्या सिस्टरला फोन लावणं कुठल्याही रजिस्टरच्या रकान्यात बसत नाही.