हिरवळीतले शेवाळ आणि अडलेले पाणी

भाद्रपद लागला, पावसाची झड उणावली, आणि अंगणात उन्हाची पहिली तिरीप पोहोचली, म्हणजे पुण्यातील कितीतरी बंगल्यांच्या आवारांत एकच देखावा दृष्टीस पडतो : हिरवळीचा मधला भाग गवताने भरलेला, परंतु कुंपणाच्या भिंतीलगत, आंब्याच्या गर्द सावलीत आणि गच्चीच्या पन्हळीचे पाणी जेथे कोसळते त्या कोपऱ्यात गवत नाहीसे होऊन त्याच्या जागी गडद हिरवा, पायाखाली दबणारा आणि वृद्ध माणसाला हमखास घसरविणारा एक थर पसरलेला. त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, माळ्याला सांगून ते खरवडून काढतो, दुकानातून एखादी पुडी आणून टाकतो, आणि पुढल्या आषाढात ते त्याच जागी पुन्हा हजर झालेले पाहतो. माझ्या अंगणात हा क्रम चार पावसाळे चालला. ज्याला मी गवताचा मारेकरी समजत होतो, त्याने गवताच्या एका काडीलाही इजा केली नव्हती. गवत अन्य कारणाने आधीच मेले होते आणि रिकाम्या पडलेल्या जागेचा ताबा शेवाळाने घेतला होता, हे मला पाचव्या वर्षी उमगले.

आपण ज्याला शेवाळ म्हणतो त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मोडतात. चिखलावर काळपट-हिरवा, जेलीसारखा बुळबुळीत लगदा दिसतो, तो बहुधा नॉस्टॉकसारख्या नील-हरित सूक्ष्म जीवांचा असतो. आणि ज्याची बारीक पाने भिंगाखाली स्पष्ट दिसतात, ते शेवाळ म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ जिला हरिता म्हणतात ती खरी वनस्पती. हरितेला खरी मुळे नसतात. धाग्यांसारख्या मूलाभांनी ती जमिनीला केवळ चिकटून राहते, आणि पाणी शोषते ते मुख्यतः आपल्या पानांनी, अंगावरून. तिच्या नर-पेशींना मादी-पेशींपर्यंत पाण्याच्या पातळ पापुद्र्यातून पोहत जावे लागत असल्यामुळे ओलाव्यावाचून तिची वंशवृद्धीच खुंटते. मात्र ओलावा सरला तरी ती मरत नाही. वैशाखात वाळून तपकिरी झालेली, पायाखाली चुरणारी हरिता मृगाच्या एका सरीने काही तासांत पुन्हा हिरवी होते. ज्या जमिनीत गवताची मुळे श्वासावाचून कुजतात, तिथे जिला मुळेच नाहीत तिचे काय अडणार?

या शेवाळावर जुना आणि प्रसिद्ध उपाय म्हणजे हिराकस. मीही तो केला. पाण्यात विरघळवून शिंपडलेल्या हिराकसाने दोन-तीन दिवसांत सारा थर काळा ठिक्कर पडला आणि मला विजयाचा आनंद झाला. परंतु कडेच्या शहाबादी फरशीवर त्याचे जे शिंतोडे उडाले त्यांचे तांबूस डाग आजही घासून निघालेले नाहीत, आणि उघड्या पडलेल्या त्या चिखलात पुढील पावसाळ्यात नवे शेवाळ पूर्वीपेक्षा दाट आले. दुसरा प्रचलित उपाय चुन्याचा. कोकणात किंवा महाबळेश्वराकडे, जेथे मुसळधार पावसाने जांभ्याच्या मातीतील क्षार धुऊन जातात आणि ती आम्ल होते, तेथे माती तपासून चुना घालण्यात अर्थ आहे. देशावरील काळी माती मुळातच अल्कधर्मी, तिचा सामू बहुधा सातच्या वर, आणि तिच्यात चुना ओतणे हा पैशाचा निव्वळ अपव्यय होय.

अखेरीस एका जाणत्या शेतकऱ्याने, जो आमच्याकडे सहज आला होता, बुटाची टाच त्या कोपऱ्यात रुतवून पाहिली आणि तो एकच शब्द बोलला, "चिबड." ज्या जमिनीत पाणी तुंबून राहते, तिच्यासाठी आपल्या शेतकऱ्याने घडविलेला हा शब्द आहे, आणि त्याच्या जोडीला त्याच्याच तोंडचा दुसरा शब्द ठेवावा लागतो, तो म्हणजे वाफसा : पाऊस पडून गेल्यावर जादा पाणी खाली निचरले आहे, मातीच्या कणांभोवती ओल आहे आणि कणांमधल्या पोकळीत हवाही आहे, अशी ती नेमकी अवस्था, जिची वाट पाहिल्यावाचून कुणबी पाभर धरीत नाही. हिरवळीचे सारे शास्त्र मला या एका शब्दात सामावलेले वाटते. जी जमीन पावसानंतर दोन दिवसांतही वाफशावर येत नाही, तिच्यात हिरवळ दाट धरणार नाही, मग वर कोणतेही खत घाला.

वाफसा का येत नाही, याचा तपास मी पहारीने केला. फूटभर खणले तेव्हा वरची चार बोटे विकत आणलेली तांबडी माती, तिच्याखाली घर बांधतानाचा राडारोडा, विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या गोण्यांची लक्तरे, आणि त्याखाली अवजड यंत्रांच्या चाकांनी दाबून दगडासारखी झालेली काळी माती, असा सारा उतारा समोर आला. बांधकाम करणाऱ्याने घराचा ताबा देतेवेळी त्यावर हिरवळीच्या चटया अंथरून दिल्या होत्या, आणि आम्ही त्या हिरव्या रंगावर संतुष्ट झालो होतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पण भिजली की फुगून त्या भेगा मिटवून टाकते. आणि ज्या घरांत रोज सकाळी नळी धरून हिरवळ भिजविली जाते तेथे ती बाराही महिने फुगलेलीच राहते.

त्यात भर गच्चीची. शंभर चौरस मीटर गच्चीवर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, तर पाच हजार लिटर पाणी जमते, आणि ते सारे एका पन्हळीतून एकाच कोपऱ्यात उतरत असेल, तर कोणत्या गवताने तेथे टिकाव धरावा? म्हणून दुरुस्तीचा आरंभ मी मातीपासून न करता पन्हळीपासून केला, तिचे पाणी नळाने थेट बाहेर काढले, आणि मला आजही वाटते की निम्मे काम त्या एका दिवसात झाले. उरलेल्या पाण्यासाठी चर खणला. असा खडीने भरलेला चर इंग्रजीत 'फ्रेंच ड्रेन' म्हणून ओळखला जातो. पण त्याचा फ्रान्सशी संबंध नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या कॉन्कॉर्ड गावचे हेन्री फ्रेंच यांनी 1859 साली शेतजमिनीच्या निचऱ्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांचे ते आडनाव होय. चर सुमारे फूटभर रुंद, दीड फूट खोल, दर शंभर फुटांस निदान एक फूट उतार. तळाशी खडी, तिच्यात भोके खाली करून ठेवलेला नळ, वर पुन्हा खडी, आणि माती आत शिरू नये म्हणून भोवती पाणी जाऊ देणारे कापड. त्याचे पाणी ज्या शोषखड्ड्यात सोडाल तो काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा, कारण काळ्या मातीत संपणारा शोषखड्डा हा पाणी साठविणारा हौदच ठरतो. शेजाऱ्याच्या आवारात मात्र ते पाणी सोडू नये.

येथे एक सार्वत्रिक चूक सांगितलीच पाहिजे. पाणी साचते म्हणून चिकण मातीवर दोन घमेली वाळू पसरावी, ही मसलत जो तो देतो. थोडी वाळू चिकण मातीत मिसळली, तर तिचे खडे त्या चिखलात रुतून बसतात आणि पोकळी वाढत नाही. वाळूचा उपयोग व्हावयाचा तर ती निम्म्याहून अधिक हवी. त्यापेक्षा राडारोडा उपसून काढावा, पहारीने किंवा काटेरी फावड्याने वीतभर अंतरावर खोल भोके पाडून त्यांत कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत भरावे, आणि हे काम वाफसा असतानाच करावे. ओल्या मातीत पाऊल टाकले की ती पुन्हा दबते.

सावलीचा प्रश्न राहिला, आणि त्यावर कोणताही चर चालत नाही. हरळीला दिवसाकाठी सहा तास तरी ऊन हवे. आंब्याच्या खालच्या फांद्या उतरवून ते मिळत असेल तर उतरवाव्यात, गवत फार खोल कापू नये, आणि एका वेळी तृतीयांशाहून अधिक पाते छाटू नये. पण ऊन मिळणारच नसेल, तर तेथे गवताचा हट्ट सोडावा. जपानमधील क्योतो येथील साइहोजी या मंदिराच्या उद्यानात सुमारे 120 जातींच्या हरिता भूमीवर पसरलेल्या आहेत, आणि जगभरातून लोक ते पाहावयास जातात. माझ्या आंब्याखालचा तुकडा मी असाच हरितेला देऊन टाकला आहे. वाटेवर तेवढ्या खडबडीत फरश्या बसविल्या.

आपल्या हिरवळीत शेवाळ असेल, तर या पावसाळ्यात उघडीप पडताच त्या कोपऱ्यात फूटभर खोल खड्डा खणा, तो पाण्याने भरून एकदा रिता होऊ द्या, मग पुन्हा भरा आणि घड्याळ लावून बसा. तासाला इंचभर पाणी उतरले, तर दोष सावलीचा किंवा कापणीचा आहे. दुसऱ्या सकाळीही खड्ड्यात पाणी दिसले, तर पुडीवर पैसे न घालता चर खणणाऱ्याला बोलवा.