सिमेंटच्या नाल्याची पुन्हा नदी

सिंगापूरला गेलेला मराठी पर्यटक मरिना बेच्या काठावर उभं राहून फोटो काढतोच. त्या फोटोत मर्लायनच्या मागे जे पाणी दिसतं ते समुद्राचं असावं असं बहुतेकांना वाटतं. पण 2008 मध्ये खाडीच्या तोंडाशी मरिना बराज हा बांध पूर्ण झाला, भरती-ओहोटी बाहेरच थांबली आणि पुढच्या काही वर्षांच्या पावसाने आतलं खारं पाणी गोडं झालं. भर शहरात पिण्याच्या पाण्याचा जलाशय तयार झाला. त्यात येऊन मिळणारी कलांग ही सिंगापूरमधली सर्वांत लांब नदी. लांबी सुमारे 10 किलोमीटर. आपल्याकडच्या एखाद्या ओढ्याएवढी. लोअर पीअर्स जलाशयापासून निघून ती दाट वस्तीतून वाहत खाली येते. याच नदीवर, मरिना बेपासून मेट्रोने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी, बिशान-आंग मो किओ पार्क आहे. आपल्या सहलींच्या कार्यक्रमात त्याचं नाव नसतं. माझ्या मते, शहरात राहणाऱ्या माणसाने सिंगापूरमध्ये एकच जागा पाहायची झाली तर ही पाहावी.

प्रवेशद्वार, तिकीट, रांग असलं काही तिथे नाही. रस्त्यावरून आत वळलं की समोर हिरवळीचा रुंद उतार आणि त्याच्या तळाशी वळणं घेत जाणारं उथळ पाणी. पाण्यात मोठे दगड ओळीने टाकलेले आहेत, त्यांवर पाय देत मुलं पलीकडे जातात. सकाळी सातच्या सुमाराला वयस्कर मंडळी हात-पाय संथपणे हलवत ताई ची करत असतात, कुणी कुत्र्याला फिरवत असतं, उंच गवतात बगळा स्थिर उभा असतो. नदी आणि माणूस यांच्यामध्ये कठडा, जाळी, भिंत काहीही नाही. हे सगळं इथे पूर्वीपासून असंच असावं, असा कुणाचाही समज होईल. प्रत्यक्षात 2009 पर्यंत इथे सिमेंटचा सरळसोट नाला होता.

सिंगापूरमध्ये पाऊस वर्षभर पडतो, साधारण 2,400 मिलिमीटर, आणि दुपारच्या गडगडाटी सरी अशा कोसळतात की अर्ध्या तासात रस्ते वाहू लागतात. साठ-सत्तरच्या दशकांत शहराला वारंवार पुराचा तडाखा बसला. त्यावर तेव्हाच्या अभियंत्यांनी काढलेला उपाय जगभर होता तोच: नदी सरळ करा, तळ आणि बाजू सिमेंटने बांधा, पाणी जितक्या लवकर समुद्रात जाईल तितकं घालवा. कलांगही अशीच बांधली गेली. तेव्हा तो उपाय गरजेचा होता आणि त्याने पूर कमीही झाले, हे मान्य करायला हवं. बिशान आणि आंग मो किओ या दोन गृहनिर्माण वसाहतींच्या मध्ये 1988 मध्ये बाग झाली, तेव्हा तिच्या कडेने हा नाला 2.7 किलोमीटर धावत होता. काठावर कुंपण होतं. बागेत आलेला माणूस नाल्याकडे पाठ करून बसायचा.

पुढे दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. नाला वाढत्या पाण्याला अपुरा पडू लागला होता, तो मोठा करणं भाग होतं. आणि बागही जुनी झाली होती. बाग उद्यान खात्याची, नाला पाणी खात्याचा. एरवी एका खात्याने नाला रुंद करून पुन्हा सिमेंट ओतलं असतं आणि दुसऱ्याने बाकं रंगवली असती. पण पाणी खात्याने 2006 मध्ये एक कार्यक्रम हाती घेतला होता: देशातले नाले, ओढे, जलाशय नुसते वाहून नेणारे मार्ग न राहता लोकांना जवळ जाता येईल अशा जागा व्हाव्यात. त्याखाली दोन्ही खात्यांनी आपापली जमीन आणि पैसा एकत्र केला. नाला आणि बाग यांच्यातली हद्दच पुसून टाकली. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा कागदावरचा निर्णय. पुढची झाडं, दगड, पक्षी त्यातून आले.

आराखडा जर्मनीतल्या हर्बर्ट ड्रायझाइटल यांच्या संस्थेने केला. सिमेंट फोडून काढलं आणि नदीला बागेच्या जमिनीत वळणं दिली. सरळ 2.7 किलोमीटरची धार वळणांसह 3.2 किलोमीटरची झाली. वळणं शोभेसाठी नव्हती. पाणी वळणावर मंदावतं, बाहेरच्या अंगाला खोल डोह करतं, आतल्या अंगाला गाळ टाकतं. मासे, किडे, पक्षी यांना वेगवेगळ्या जागा मिळतात त्या यातूनच. पण सिमेंट काढल्यावर काठ टिकणार कसे? उष्ण प्रदेशातल्या अशा धो धो पावसात केवळ झाडांच्या मुळांनी काठ धरून ठेवण्याचा प्रयोग तिथे एवढ्या मोठ्या प्रमाणावर झाला नव्हता. म्हणून आधी बागेतल्याच एका छोट्या नाल्याच्या 60 मीटर लांबीवर दहा पद्धती करून पाहिल्या. पुढे मुख्य नदीसाठी त्यातल्या सात वापरल्या. फांद्यांच्या मोळ्या बांधून काठात गाडणं, माती कापडात गुंडाळून तिचे थर रचणं आणि त्यातून रोपं उगवू देणं, दगडांच्या फटींत जिवंत काड्या खोवणं. तारेच्या जाळीत दगड भरून केलेलं गॅबियनही त्यात आहे. आपल्याकडे पाणलोटाच्या कामावर गेलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की इथे त्याच्यातून झाडं वाढवलेली आहेत. जसजशी मुळं वाढतात तसतसा काठ घट्ट होतो. सिमेंटचं बांधकाम पहिल्या दिवशी सर्वांत मजबूत असतं आणि मग झिजत जातं, इथे त्याच्या उलट घडतं.

फोडलेलं सिमेंटही वाया घालवलं नाही. त्याचे तुकडे रचून बागेत एक टेकडी केली आहे. तिच्यावर चढलं की खालच्या नदीची वळणं एका नजरेत दिसतात. काम पूर्ण होऊन बाग मार्च 2012 मध्ये लोकांसाठी खुली झाली. नव्या बागेचं क्षेत्र 62 हेक्टर, खर्च सुमारे 7 कोटी 60 लाख सिंगापूर डॉलर.

आता पुराचं काय, हा प्रश्न कुणाही महाराष्ट्रीय माणसाच्या मनात येईलच. जुना नाला 17 ते 24 मीटर रुंद होता. आताची नदी कोरड्या दिवशी त्याहून अरुंद दिसते, पण पाऊस आला की पाणी हिरवळीच्या उतारावर चढत जातं आणि पात्र 100 मीटरपर्यंत पसरू शकतं. वाहून नेण्याची क्षमता जुन्या नाल्यापेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी वाढली आहे. ज्या गवतावर सकाळी लोक व्यायाम करतात ते पुराचं पात्रच आहे. पाणी वाढू लागलं की पातळी मोजणारी यंत्रं इशारा देतात, दिवे लुकलुकतात, भोंगा वाजतो, ध्वनिक्षेपकावरून काठ सोडण्याची सूचना होते. उतार इतका सौम्य आहे की लहान मूलही चालत वर येऊ शकतं. पाणी ओसरलं की गवतात अडकलेला पालापाचोळा उचलला जातो आणि लोक परत येतात. पूर येऊ नये म्हणून भिंत उंच करत नेण्यापेक्षा पूर कुठे येईल ते आधीच ठरवून ती जागा मोकळी ठेवणं, एवढंच या बागेमागचं शास्त्र.

बागेच्या वरच्या भागात, तळ्यांजवळ, पाणवनस्पतींचे उतरत्या टप्प्यांनी केलेले वाफे आहेत. तळ्यांचं पाणी पंपाने त्यांत सोडतात, मुळं आणि मातीच्या थरांतून ते गाळून निघतं आणि पुन्हा तळ्यात येतं. त्यातलं काही पाणी अतिनील किरणांनी निर्जंतुक करून मुलांच्या पाण्याच्या खेळांसाठी वापरतात. वाफ्यांशेजारी उभं राहिलं तरी वास येत नाही.

वास का येत नाही, याचं उत्तर मात्र बागेच्या बाहेर आणि बरंच मागे आहे. सिंगापूरमध्ये पावसाचं पाणी आणि मैला यांच्या वाहिन्या पूर्णपणे वेगळ्या आहेत. घरातलं सांडपाणी जमिनीखालच्या नळांतून शुद्धीकरण केंद्रात जातं; नाल्यात, ओढ्यात, नदीत जातं ते फक्त पावसाचं पाणी. हे आपोआप झालेलं नाही. 1977 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर नदी आणि कलांगचं खोरं दहा वर्षांत स्वच्छ करण्याचं लक्ष्य ठेवलं. तोपर्यंत काठावरच्या डुकरांच्या आणि बदकांच्या फार्मची घाण, झोपड्यांतला मैला, रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांचं खरकटं, कारखान्यांचं तेल सगळं पाण्यातच जात होतं. 1987 पर्यंत ते थांबवलं गेलं. त्यासाठी सुमारे 26 हजार कुटुंबांना हलवून सरकारी घरांत नेलं, फार्म बंद केले, विक्रेत्यांना पाणी आणि गटार असलेल्या बंदिस्त बाजारात जागा दिली. अनेकांचे पिढीजात धंदे यात गेले, तेव्हाच्या कठोर राज्यपद्धतीचा त्यात वाटा होता. आज बागेत बसणाऱ्याने हीही किंमत लक्षात ठेवली पाहिजे. आणि तरीही क्रम लक्षात घ्यावा असा आहे: आधी गटार बंद झालं, त्यानंतर पंचवीस वर्षांनी नदीकाठची बाग आली.

पाणी स्वच्छ झाल्याची साक्ष पाणमांजरांनी दिली. सिंगापूरमधून ती सत्तरच्या दशकात नाहीशी झाली होती. नव्वदच्या दशकाअखेरीस उत्तरेकडच्या खारफुटीत पुन्हा दिसली, आणि 2014 च्या सुमाराला एक जोडी चक्क या बागेत येऊन राहिली. पुढे त्यांचं कुटुंब वाढलं, नदीने खाली उतरत मरिना बेपर्यंत गेलं, आणि शहरभर लोक त्यांच्या मागावर कॅमेरे घेऊन फिरू लागले. हीच जात आपल्याकडे सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या खाड्यांतही आहे. आपण ती फार क्वचित पाहतो. बिशानला दिसलीच तर लांबून पाहावी, खाऊ घालू नये, पिल्लांच्या जवळ जाऊ नये.

जायचं असेल तर बिशान किंवा आंग मो किओ मेट्रो स्थानकावर उतरावं. दोन्हीकडून बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जावं, दुपारचं ऊन आणि दमटपणा सोसत नाही. छत्री हवीच. मेरीमाउंट रोड या बागेचे दोन भाग करतो: एका बाजूला तळी, दुसऱ्या बाजूला नदीचं मोकळं मैदान. वेळ कमी असेल तर मैदानाचा भाग निवडावा.

पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या मिळून 44 किलोमीटरसाठी नदीकाठ सुधार प्रकल्प चालू आहे आणि त्यावरचा वाद न्यायालयांपर्यंत गेला आहे. कलांगचा नमुना मुठेवर जसाच्या तसा बसणार नाही. मुठेच्या वर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं आहेत. तिचा पूर सरींचा कमी आणि विसर्गाचा जास्त. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं ते आपण पाहिलंच. पण दोन प्रश्न दोन्हीकडे सारखेच लागू पडतात, आणि ते पुण्यापुरतेही नाहीत. सांगली-कोल्हापूरला, नाशिकला, चिपळूणलाही ते विचारता येतात. तुमच्या गावात नदीकाठाचा आराखडा हरकती-सूचनांसाठी ठेवला जाईल तेव्हा त्यातली कारंजी आणि सायकलमार्ग नंतर पाहा. आधी लेखी विचारा की नदीत मिसळणारा प्रत्येक नाला कोणत्या तारखेपर्यंत शुद्धीकरण केंद्राला जोडला जाणार आहे, आणि निळ्या पूररेषेच्या आत पाण्याला पसरायला आज आहे तेवढी जागा काम झाल्यावरही राहणार आहे का. उत्तर मिळेपर्यंत हरकत मागे घेऊ नका.