धोरण-परिणामांचे मूल्यमापन आणि संगणकीय आज्ञावली : जुळणी पद्धतीचा विचार

एखाद्या शासकीय योजनेमुळे लाभार्थींच्या स्थितीत नेमका किती फरक पडला, हा प्रश्न वरवर सोपा भासतो. परंतु योजना नसती तर त्याच व्यक्तींचे काय झाले असते, हे कधीच पाहता येत नाही. म्हणून त्यांच्यासारख्या इतरांशी तुलना करावी लागते. स्टाटा प्रणालीतील ‘पीएसमॅच २’ आणि आर या विनामूल्य प्रणालीतील ‘मॅचइट’ या आज्ञावली हे कार्य करतात. प्रत्येकाची योजनेत सहभागी होण्याची संभाव्यता, म्हणजेच प्रोपेन्सिटी स्कोअर, काढून ती जवळपास समान असलेल्या लाभार्थी व बिगरलाभार्थी व्यक्तींच्या जोड्या लावल्या जातात.

या पद्धतीची कसोटी अमेरिकेतील ‘नॅशनल सपोर्टेड वर्क’ या १९७० च्या दशकातील रोजगार-कार्यक्रमाच्या सामग्रीवर वारंवार घेतली गेली. तेथे सहभागींची निवड यादृच्छिक असल्याने विश्वसनीय उत्तर आधीच हाताशी होते. रॉबर्ट लालोंद यांनी १९८६ मध्ये प्रयोगातील नियंत्रण गटाऐवजी सर्वसाधारण पाहण्यांतील व्यक्ती तुलनेस घेतल्या, तेव्हा प्रचलित अर्थमितीय पद्धतींची उत्तरे त्यापासून बरीच दूर गेली. १९९९ मध्ये राजीव देहेजिया व सादेक वहबा यांनी त्याच सामग्रीच्या एका भागावर जुळणी केली. त्या भागात प्रयोगानुसार उत्पन्नवाढ सुमारे १,७९४ डॉलर होती आणि जुळणीचे उत्तर तिच्या जवळ आले. मात्र नमुना किंवा चलांची निवड बदलताच हे यश टिकत नाही, असे जेफ्री स्मिथ व पेट्रा टॉड यांनी २००५ मध्ये दाखवून दिले.

मॅचइटसोबत याच सामग्रीचा ६१४ व्यक्तींचा संच मिळतो. त्यातील १८५ सहभागी व ४२९ इतर यांच्या १९७८ च्या सरासरी उत्पन्नांची सरळ वजाबाकी केली, तर कार्यक्रमामुळे उत्पन्न ६३५ डॉलरनी घटले असे दिसते! कारण उघड आहे : १९७४ मध्येच सहभागींचे सरासरी उत्पन्न सुमारे २,१०० डॉलर, तर इतरांचे ५,६०० डॉलर होते. अध्यापनासाठी याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

आज्ञावली मात्र कोणत्याही सामग्रीवर काही ना काही आकडा देतेच. प्रोपेन्सिटी स्कोअर स्वतःच अनुमानित असल्याची दखल प्रमाण त्रुटीत घेतलेली नाही, अशी सूचना पीएसमॅच २ निकालाखाली छापते. ती वगळून तक्ता उतरवणे हा निष्काळजीपणाच होय. जोड्या लावल्यानंतर तपासला जाणारा समतोलही केवळ नोंदलेल्या चलांचा असतो. काम मिळवण्याची जिद्द किंवा घरची अडचण प्रश्नावलीतच नसेल, तर तिची जुळणी कोण करणार? अशी अदृश्य बाब किती प्रबळ असल्यास निष्कर्ष कोसळेल, हे पॉल रोझेनबॉम यांच्या संवेदनशीलता-विश्लेषणाने मोजता येते; त्याच्या आज्ञावली स्टाटा व आर या दोन्ही प्रणालींत उपलब्ध आहेत.