ऑनलाइन खेळांतील स्वयंचलन साधने : किंमत, खर्च आणि मूल्य

प्रास्ताविक

ऑनलाइन खेळामध्ये खेळाडू जागेवर नसतानाही त्याचे पात्र चालविणाऱ्या संगणक-प्रणालीस सामान्यतः 'बॉट' असे संबोधले जाते. ही प्रणाली खेळातील परिस्थिती ओळखते, शत्रू शोधून त्याच्याशी लढते, मिळालेली लूट गोळा करते आणि पुन्हा त्याच वाटेने फिरू लागते. घाण्याच्या बैलाने करावयाचे काम ती बिनतक्रार करते. अशा साधनांची तुलना करताना कोणते साधन स्वस्त आणि कोणते अधिक कार्यक्षम, एवढाच विचार बहुधा केला जातो. साधनाची विक्री-किंमत हा त्याच्या खऱ्या खर्चाचा सर्वांत लहान भाग असतो, उरलेला खर्च पकडले जाण्याच्या जोखमीत आणि साधन न घेणाऱ्यांच्या खिशात लपलेला असतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाकरिता विकल्या गेलेल्या 'ग्लायडर' या साधनाची निवड केली आहे. निवडीचे कारण साधे आहे. या व्यवसायातील आकडे सहसा बाहेर येत नाहीत. ग्लायडरचे प्रकरण न्यायालयात गेल्यामुळे ते निकालपत्रात नोंदले गेले.

वेळेचे मूल्य

ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीने हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आणला. अमेरिकेत त्याची मासिक वर्गणी १४.९९ डॉलर होती. पात्राची पातळी जसजशी वाढेल तसतसे खेळाचे नवे प्रदेश खुले होतात. आरंभी सर्वोच्च पातळी ६० होती, २००७ मध्ये ती ७० झाली. तेथपर्यंत पोहोचण्यास शेकडो तास लागत आणि त्यांतील बराच भाग तीच ती कृती पुनःपुन्हा करण्यात जाई.

या तासांना पैशात मोजता येते काय, हा प्रश्न अर्थशास्त्रात अगोदरच उपस्थित झाला होता. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ साली 'एव्हरक्वेस्ट' या खेळातील नॉराथ नामक काल्पनिक जगाच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास केला. खेळातील वस्तू व चलन बाहेरच्या बाजारात ज्या भावाने विकले जात, त्यावरून तेथील एका तासाच्या श्रमाचे मोल सुमारे ३.४२ डॉलर येते, असे त्यांनी दाखविले. खेळ वेगळा असला तरी स्थूल मोजपट्टी म्हणून हा दर वापरता येईल. समजा, एखाद्या खेळाडूचे ३०० तास वाचले, तर त्यांचे मूल्य १,०२६ डॉलर होते. ग्लायडरचा परवाना १५ ते २५ डॉलरला मिळत असे. एवढ्यावर थांबल्यास हा व्यवहार अतिशय फायद्याचा ठरतो.

परंतु येथे एक विसंगती आहे. खेळाडू दरमहा पंधरा डॉलर खेळण्यासाठी देतो आणि त्यावर आणखी पंचवीस डॉलर न खेळण्यासाठी देतो. खेळ हा जर उपभोग असेल, तर वाचलेले तास हा लाभ नसून तोटा आहे. आपल्या वतीने दुसऱ्याने जेवून घ्यावे, असे म्हणण्यासारखेच ते आहे. याचा अर्थ खेळाडू मूर्ख आहे असा नव्हे. वर्गणीवर चालणाऱ्या खेळात पुनरावृत्तीचा एक लांबलचक पट्टा असतो, तो उपभोग नसून कष्ट आहे, असे खेळाडूने ठरविले आहे, एवढाच त्याचा अर्थ. बॉटला मिळणारी किंमत हे त्या कंटाळ्याचे माप होय.

स्वयंचलन स्वस्त, लपविणे महाग

मायकेल डॉनेली यांच्या एमडीवाय इंडस्ट्रीज या संस्थेने २००५ च्या उन्हाळ्यात ग्लायडरची विक्री सुरू केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्लिझार्डने 'वॉर्डन' ही पहारेकरी प्रणाली आणली. ती खेळात प्रवेश करतेवेळी व नंतर मधूनमधून खेळाडूच्या संगणकाची स्मृती तपासते. तिने ग्लायडरचे बहुतेक वापरकर्ते पकडले. तेव्हापासून ग्लायडरच्या विकासाचा रोख पात्र अधिक चांगले चालविण्यापेक्षा न दिसण्याकडे वळला. पुढे 'ग्लायडर एलिट' ही दरमहा पाच डॉलरची जादा वर्गणी आली. तिच्यात शोध-प्रणालीपासून अधिक संरक्षणाचे आश्वासन होते.

या दोन किमती शेजारी ठेवून पाहाव्यात. स्वयंचलनासाठी एकदाच २५ डॉलर, तर ते लपविण्यासाठी वर्षाला ६० डॉलर. म्हणजे ग्राहक ज्याला साधनाची किंमत समजत होता, ती मुख्यतः गुप्ततेची किंमत होती. निकालपत्रानुसार सुमारे १,२०,००० परवान्यांच्या विक्रीतून एकूण ३५ लाख डॉलरचे उत्पन्न झाले. सरासरी काढल्यास दर परवान्यामागे साधारण २९ डॉलर पडतात.

माणूस स्वस्त की यंत्र?

बॉटचा दुसरा ग्राहक व्यापारी असतो. खेळातील सुवर्णनाणी मिळवून ती खऱ्या पैशांत विकण्याचा धंदा चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर चाले. ज्युलियन डिबेल यांनी २००७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन'मध्ये नानजिंग येथील अशा कामगाराचे वर्णन केले आहे. त्याला १०० नाण्यांमागे सुमारे १.२५ डॉलर मिळत. मालक ती तीन किंवा अधिक डॉलरला विके आणि अंतिम ग्राहक २० डॉलरपर्यंत मोजी. कामगाराची तासाची मजुरी सुमारे ३० सेंट पडे.

या दराशी यंत्राची तुलना करून पाहू. अमेरिकेत खेळाच्या नव्या संचाची किंमत सुमारे ५० डॉलर होती व तीत पहिला महिना समाविष्ट होता. ग्लायडरचे २५ डॉलर मिळविल्यास आरंभीचा खर्च ७५ डॉलर होतो. यंत्र दिवसाला २० तास चालते व माणसाइतकेच तासाला कमावते, असे गृहीत धरू. खाते महिनाभर टिकले तर ६०० तास मिळतात आणि तासाला साडेबारा सेंट खर्च येतो, म्हणजे कामगाराच्या मजुरीच्या निम्म्याहूनही कमी. तेच खाते आठवड्यात बंद झाले तर केवळ १४० तास मिळतात आणि खर्च तासाला सुमारे ५४ सेंटवर जातो. समतोलाचा बिंदू २५० तासांवर, म्हणजे साडेबारा दिवसांवर येतो. परवाना एकदा घेतला की पुढील खात्यांना केवळ ५० डॉलर लागतात. तेव्हा हा बिंदू आठ-सव्वाआठ दिवसांवर उतरतो.

वीज, संगणक आणि देखरेख यांचा खर्च येथे सोडला आहे, तसाच कामगाराच्या खात्याचाही. हिशेब ढोबळ आहे, परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. बॉटचे आर्थिक मूल्य त्याच्या कौशल्यावर नव्हे, तर खात्याच्या आयुष्यावर अवलंबून असते. पहारेकऱ्याला प्रत्येक बॉट पकडण्याची गरज नाही. खात्याचे सरासरी आयुष्य आठवड्याच्या आत आणले तरी पुरे. मात्र तसे झाल्यास काम संपत नाही, ते तीस सेंटांच्या मजुराकडे परत जाते. स्वयंचलनाच्या विरोधातील मोहिमेचा लाभार्थी तोच असतो, ही बाब या विषयावरील लेखनात फारशी ध्यानी घेतली जात नाही.

तिसऱ्याने सोसलेला खर्च

डिसेंबर २००४ ते मार्च २००८ या काळात ब्लिझार्डकडे बॉटविषयी ४,६५,००० तक्रारी आल्या. त्यांचे निवारण करण्यासाठी कंपनीला वर्षाला ९,४०,००० डॉलर खर्च येई. हिशेब केल्यास एका तक्रारीमागे साडेसहा डॉलर पडतात. हा खर्च अखेर वर्गणीतून, म्हणजे बॉट न वापरणाऱ्यांकडूनही वसूल होतो.

त्यापलीकडचा तोटा पैशात मांडणे कठीण आहे. अनेक यंत्रे अहोरात्र वनस्पती व खनिजे गोळा करू लागली की खेळातील लिलावगृहात त्यांचे भाव कोसळतात. हाताने गोळा करणाऱ्याचे उत्पन्न घटते. दुसरीकडे शत्रू मारून मिळणारी नाणी चलनात सतत भर घालतात, त्यामुळे दुर्मिळ वस्तू महागतात. प्रामाणिक खेळाडू दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडतो आणि मग त्यालाही बॉट घेण्याचा मोह होतो. एकट्याने वापरल्यास फायद्याचे असलेले साधन सर्वांनी वापरले की कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही. सामायिक कुरणाचे जे होते तेच येथे होते.

कायद्याने ठरविलेली किंमत

अमेरिकेतील जिल्हा न्यायालयाने एमडीवाय आणि डॉनेली यांच्यावर ६५ लाख डॉलरची जबाबदारी टाकली. ही रक्कम एकूण विक्रीच्या जवळजवळ दुप्पट होती. नवव्या परिमंडलाच्या अपील न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये त्यात मोठा फेरबदल केला. बॉट न वापरण्याची अट मोडणे हा कराराचा भंग आहे, स्वामित्वहक्काचा नव्हे, असे न्यायालयाने मानले. तथापि, वॉर्डनला चुकविणारे साधन विकल्याबद्दल १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याखालील जबाबदारी कायम ठेवली. स्वामित्वहक्काचा भंग झालेला नसतानाही कुलूप चुकविणाऱ्या साधनाची विक्री दोषार्ह ठरू शकते, असा याचा अर्थ होतो. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने बॉसलँड या जर्मन कंपनीविरुद्ध ४२,८१८ उल्लंघनांसाठी प्रत्येकी २०० डॉलर, म्हणजे ८५ लाखांहून अधिक डॉलर मंजूर केले.

भारतीय वाचकाने येथे एक भेद लक्षात घ्यावा. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ संरक्षक तांत्रिक उपाय भेदण्यास शिक्षा सांगते, पण त्यासाठी अधिनियमाने दिलेल्या हक्कांचा भंग करण्याचा उद्देश आवश्यक मानते. ग्लायडरसारखे प्रकरण आपल्याकडे उद्भवल्यास अमेरिकन निकालाचा आधार जसाच्या तसा घेता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कंपनीने बाजारात उतरणे

ब्लिझार्डने एप्रिल २०१५ मध्ये 'टोकन' विक्रीस आणले. अमेरिकेत २० डॉलर देऊन ते घ्यावे, लिलावगृहात सुवर्णनाण्यांना विकावे आणि घेणाऱ्याने त्यावर ३० दिवस खेळावे, अशी ती योजना होती. जे नाणे चोरबाजारात विकले जात होते, त्याला अधिकृत भाव मिळाला. चोरबाजाराचा नफा त्यामुळे आकसला, हे खरे. पण त्याचबरोबर नाण्यांनी वर्गणी भरण्याची सोयही झाली. म्हणजे आपल्या खात्याचा मासिक खर्च बॉटला स्वतःच कमावता येऊ लागला. वरील हिशेबातील पंधरा डॉलरच्या रकान्यात आता शून्य लिहिता येते. जून २०२० मध्ये कंपनीने त्याआधीच्या एका महिन्यात ७४,००० हून अधिक खाती निलंबित किंवा बंद केल्याचे जाहीर केले, त्यांतील बहुसंख्य खाती खेळात साधनसामग्री गोळा करणाऱ्या बॉटची होती.