पट्ट्याने वाचवले, पण खाली कोण उतरवणार?

परांचीवरचा रंगारी, मोबाइलच्या टॉवरवर चढलेला तंत्रज्ञ, कारखान्याच्या धुराड्यावरचा कामगार यांना आपण नेहमी पाहतो. यांतील काहींच्या अंगावर सुरक्षा पट्टा असतो, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पाय घसरला, पट्ट्याने धरले, म्हणजे माणूस वाचला, हा समज अर्धाच खरा आहे. पडण्याचा धोका टळला तरी लटकण्याचा धोका तेथून सुरू होतो.

आपण उभे असताना पायांतील रक्त वर ढकलण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. नुसते पाय हलवले तरी ते आवळतात व रक्त हृदयाकडे जाते. निश्चल लटकलेल्या माणसात हे काम थांबते. रक्त पायांत साचते, मेंदूला कमी पडते. घाम सुटतो, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि शुद्ध हरपते. एरवी घेरी आलेला माणूस जमिनीवर आडवा होतो व रक्त पुन्हा मेंदूकडे वळते. पट्टा त्याला आडवे होऊ देत नाही. त्यात मान पुढे झुकून श्वास अडला, तर काही मिनिटांतच जिवावर बेतते.

आता पट्ट्याविषयी. नुसता कमरेचा पट्टा पडणाऱ्याला झेलण्यासाठी वापरू नये. त्याच्या झटक्याने पोटातील अवयवांना व मणक्याला इजा होते. खांदे, छाती व मांड्या यांना धरणारा, पाठीवर कडी असलेला पूर्ण पट्टाच हवा. दोरी शक्यतो डोक्याच्या वर, मजबूत आधाराला बांधावी. पाठीच्या उंचीवर बांधलेली ६ फुटांची दोरी आणि झटका शोषणारी, साडेतीन फुटांपर्यंत उलगडणारी घडी मिळून माणूस साडेनऊ फूट खाली येऊ शकतो. १० फुटांवर काम करणाऱ्याला अशा बांधणीचा भरवसा धरता येणार नाही. एकदा पडणाऱ्याला झेललेला पट्टा पुन्हा वापरू नये.

लटकलेला माणूस शुद्धीवर असेल तर त्याने पाय सतत हलवावेत, गुडघे वर घ्यावेत, भिंतीला किंवा खांबाला पाय रेटावेत. पट्ट्याला पाय ठेवण्याची फासपट्टी असल्यास तीत उभे राहून भार पायांवर घ्यावा.

खालच्यांनी आरडाओरडा करण्यात वेळ दवडू नये. एकाने १०८ वर फोन करावा. दुसऱ्याने शिडी किंवा फळी त्याच्या पायांखाली द्यावी, म्हणजे पायांना आधार मिळेल. स्वतः पट्टा न बांधता वर धावू नये. एकाचे दोन जखमी होतात. दोर कापण्याचा अविचार तर मुळीच करू नये.

खाली उतरवल्यावर काय करावे? अशा माणसाला अर्धा तास बसवून ठेवावे, असा सल्ला पूर्वी दिला जाई. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने २००९ साली यासंबंधीचे पुरावे तपासून घेतले, तेव्हा त्याला आधार सापडला नाही. म्हणून रुग्णाला सरळ आडवे निजवावे व पट्टा सैल करावा. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल तर त्याला वळवू-वाकवू नये. बेशुद्ध असेल तर श्वास पाहावा. श्वास नसेल तर ताबडतोब छाती दाबण्यास सुरुवात करावी. तोंडात पाणी घालू नये. बराच वेळ लटकलेल्या माणसाला बरे वाटले तरी इस्पितळात न्यावेच. दबलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करू शकतात. लघवी तांबूस-काळपट झाल्यास तो धोक्याचा इशारा समजावा.

कंत्राटदार व मुकादम यांना एकच विनंती. अग्निशामक दल येईपर्यंत थांबू, ही योजना नव्हे. शिडी कुठे आहे, दोर कोणता, उतरवणार कोण, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवा आणि एकदा करून पाहा. घराला रंग देणाऱ्या वाचकांनीही मजुरीचा दर ठरवताना हा प्रश्न जरूर विचारावा. वर चढणाऱ्याच्या घरीही त्याची कोणी वाट पाहत असते.