कर्करोग आणि नोकरीची शाश्वती

कर्करोगाचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न निघतो तो उपचारांच्या खर्चाचा. दुसरा प्रश्न दबल्या आवाजात विचारला जातो : नोकरीचे काय? वस्तुतः या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच पहिल्याचे उत्तर अवलंबून असते. पगार थांबला की औषधांचा पैसा कर्जाऊ आणावा लागतो आणि मुलांच्या शिक्षणावर पहिली कुऱ्हाड कोसळते.

मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेव्हापासून उपचारशास्त्राने फार मोठी मजल मारली आहे. वेळीच ओळखले गेलेले अनेक कर्करोग आज बरे होतात. रजेचे नियम मात्र अद्यापि असे गृहीत धरतात की, मनुष्य एक तर पूर्ण निरोगी असतो, नाही तर पूर्ण आजारी. केमोथेरपीनंतर काही दिवस अंथरुणावर आणि उरलेले दिवस टेबलाशी बसू शकणारा कारकून या चौकटीत मावत नाही. साठलेली रजा संपते, बिनपगारी रजा सुरू होते आणि अखेर राजीनामा 'स्वेच्छेने' लिहिला जातो.

कायद्याचे छत्र आहे, पण ते तोकडे आहे. राज्य कामगार विमा योजनेत अटी पुऱ्या करणाऱ्या कर्करोगग्रस्त कामगाराला वेतनाच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. परंतु या योजनेची वेतनमर्यादा २०१७ साली ठरली ती दरमहा २१ हजार रुपये. त्याहून थोडे अधिक मिळवणारा तिच्याबाहेर राहतो. रोजंदारीवरील मजुराची तर गोष्टच नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत कर्करोग नाही. उलट ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्याने निदानाच्या दिवसापासूनच रुग्णाला संरक्षण दिले असून कामात वाजवी सवलती देण्याचे बंधन मालकावर घातले आहे.

हा भार कोणी सोसावा, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. लहान दुकानदारावर तो सर्वस्वी टाकता येणार नाही. विम्यानेच तो समाजात वाटला पाहिजे. मोठ्या आस्थापनांना मात्र काही महिने अर्धवेळ काम देणे अवघड नाही. अनुभवी माणूस गमावून नवा तयार करणे हेही स्वस्त नसते.

नोकरी जाईल या भीतीने जो आजार लपवतो, तो उपचारही लांबवतो. नोकरीची शाश्वती म्हणूनच केवळ दयेचा विषय नाही; ती उपचाराचाच एक भाग आहे.