फरीदांच्या शेजारी गुरूंचे उत्तर

शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात निरनिराळ्या संतांच्या रचना आहेत, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते. त्या तिथे एकमेकींशी कशा बोलतात, हे मात्र पाने उलटल्यावरच कळते. त्यासाठी १४३० पृष्ठांच्या ग्रंथाच्या शेवटाकडचे शेख फरीदांचे श्लोक वाचावेत.

फरीद तेराव्या शतकातले, पाकपट्टणचे चिश्ती सूफी. केस काळे असताना ज्यांनी भक्ती केली नाही, त्यांतला एखादाच ते पिकल्यावर करील, असे ते बजावतात. लगेच पुढे तिसरे गुरू अमरदास यांचा श्लोक येतो. फरीदांना नावाने हाक मारून ते सांगतात, की केस काळे असोत वा पांढरे, चित्त लावणाऱ्यासाठी मालक आहेच. आणि प्रेम आपण लावून घेऊ म्हणून लागत नाही, त्याची मर्जी होईल त्याला तो ते देतो. अमरदास स्वतः उतारवयात गुरू अंगदांकडे आले होते. त्यांच्या या उत्तरामागे त्यांचे आयुष्य उभे आहे, असे मला वाटते.

आणखी पुढे फरीद देहाचा तंदूर करून हाडे जाळायला निघतात. त्यावर, डोक्याने आणि पायांनी असे काय बिघडवले आहे, असे गुरू नानक विचारतात. प्रियतम तर आतच आहे.

१६०४ मध्ये अमृतसरला गुरू अर्जनदेवांनी हा ग्रंथ सिद्ध केला. लिहून घेतला भाई गुरदासांकडून. न पटणारे श्लोक अर्जनदेवांना सहज वगळता आले असते. त्यांनी सूफींचे म्हणणे राखले आणि त्याला लागून गुरूंचे उत्तरही ठेवले. आजच्या ग्रंथात सहा गुरूंच्या वाणीबरोबर पंधरा भगत आहेत: काशीचे कबीर आणि रविदास, पूर्वेकडचे जयदेव, राजस्थानातले धन्ना आणि पीपा. गुरुदरबारात रबाब वाजवणाऱ्या सत्ता आणि बलवंड या मुसलमान गायकांची ‘वार’ ही स्तुतिपर रचनाही आहे. मुख्य मांडणी रागांची, एकूण ३१ राग. बहुतेक ठिकाणी गुरूंची पदे आधी आणि त्याच रागातली भगतांची नंतर. भाषाही अनेक: पंजाबी, ब्रज, संतांची मिश्र बोली, फारसी वळणाच्या रचना आणि नैर्ऋत्य पंजाबच्या बोलीतले ‘डखणे’.

नामदेवांची ६१ पदे आपण अभिमानाने मोजतो. त्यांचे वास्तव्य झालेल्या पंजाबातल्या घुमानला २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलनही भरले. पण ही पदे वेगळी काढून वाचली, तर निम्मा अर्थ हातचा जातो. नामदेवांच्या पदांतला बीठल, म्हणजे विठ्ठल, गुरू अर्जनदेवांच्या वाणीतही येतो. आसा रागात धन्नांच्या पदांमध्ये गुरू अर्जनदेवांचे एक पद आहे. शिंपी नामदेव, विणकर कबीर, ढोरे वाहणाऱ्यांतले रविदास आणि न्हावी सैण यांची कीर्ती ऐकून धन्ना हा जाट शेतकरी भक्तीला लागला, असे त्यात सांगितले आहे. नामदेव पंजाबात कोणत्या पंगतीत बसले, याचा हा पुरावा खुद्द ग्रंथातच आहे.